विसाव्यात जेवणारा स्नायू

विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1772 साली एका विचित्र दुखण्याचं वर्णन छापलं. माणूस चालतोय, बहुधा चढावर, बहुधा नुकताच जेवून निघालेला. आणि छातीत एकाएकी असं आवळून येतं की पुढचं पाऊल टाकलं तर जीवच जाईल असं वाटावं. तो थांबतो. आवळणं ओसरतं, जणू काही झालंच नव्हतं. हेबर्डननी या दुखण्याला 'अँजायना पेक्टोरिस' हे लॅटिन नाव दिलं. ते हृदयाचं दुखणं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, औषध तर नव्हतंच. पण ते गेल्यावर, 1802 मध्ये, त्यांच्या टिपणांचं जे पुस्तक निघालं त्यात जाता जाता एक नोंद आहे. त्यांच्या माहितीतल्या एका रुग्णानं रोज अर्धा तास करवतीनं लाकूड कापायचा नेम धरला, आणि तो जवळजवळ बरा झाला.

ही नोंद पुढची दीडशे वर्षं फारशी कोणी मनावर घेतली नाही. घरोघरी तर ती अजून पोचायची आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त गुरुजींना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, स्टेंट बसला, चौथ्या दिवशी ते घरी आले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी होती आणि तळाशी दोन शब्द: 'हलका व्यायाम'. हलका म्हणजे किती, हे ना कार्डानं सांगितलं, ना कार्ड हातात देणाऱ्यानं. मग काकूंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. गुरुजींनी पाण्याच्या तांब्याकडे हात केला तरी आतून आवाज यायचा, "अहो, उठू नका, मी देते!" त्या दोन शब्दांत किती काय दडलंय, ते पाहायचं तर आधी हृदय जेवतं कसं, हे समजून घ्यायला हवं.

मुठीएवढा, सुमारे 300 ग्रॅम वजनाचा हा स्नायू. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. दर मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त, म्हणजे दिवसाला 7,000 लिटरहून जास्त. दुष्काळी गावात येणारा 10,000 लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्यातला जवळपास पाऊण टँकर हा रोज उपसतो. हे आकडे शाळेच्या पुस्तकातही असतात. मला जास्त नवल वाटतं ते त्याच्या जेवणाच्या वेळेचं.

हृदय आवळलं की साऱ्या शरीराला रक्त पोचतं. पण स्नायू आवळला की त्याच्या पोटातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही आवळल्या जातात, त्यामुळे हृदयाच्या डाव्या भिंतीला त्या क्षणी स्वतःसाठी फारसं काही मिळत नाही. तिला तिचं रक्त मिळतं ते प्रामुख्यानं हृदय सैल पडल्यावर, दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. पंगत उठल्यावर जेवायला बसणाऱ्या वाढप्यासारखं. नाडी 72 असताना एका ठोक्याला जेमतेम 0.8 सेकंद मिळतात, त्यातले 0.3 आवळण्यात जातात, उरलेला अर्धा सेकंद विसाव्याचा. नाडी 120 वर गेली की सगळा ठोकाच अर्ध्या सेकंदात उरकावा लागतो. आवळण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती विसाव्याला. म्हणजे काम वाढतं तेव्हाच जेवायची सुट्टी आखडते.

त्यात आणखी एक अडचण. हातापायांचे स्नायू बसल्या जागी रक्तातला थोडाच प्राणवायू काढून घेतात, बाकीचा तसाच परत जातो. गरज पडली की त्यांना तो शिल्लक साठा वापरता येतो. हृदय मात्र निवांत असतानाही आलेल्या रक्तातला सुमारे 70 टक्के प्राणवायू काढून घेतं. शिल्लक जवळपास नाहीच. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यायला हवं. निरोगी वाहिन्या रुंदावून हा प्रवाह चार-पाच पटींनी वाढवू शकतात. वाहिनी 70 टक्के अरुंद झाली असेल तर खुर्चीत बसल्यावर काही जाणवत नाही, जिना चढताना मात्र रक्त पुरत नाही. छातीत गच्च होतं, डावा खांदा, जबडा किंवा पाठ दुखते, बायकांना आणि मधुमेह्यांना कधी नुसतीच धाप लागते. थांबलं की नाडी उतरते, विसावा लांबतो, स्नायूचं पोट भरतं. हेबर्डनचा चढावरचा माणूस थांबल्यावर बरा का होत असे, ते असं आहे.

अटॅक ही निराळी गोष्ट. त्यात वाहिनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पलीकडच्या स्नायूचं रक्त तोडलं जातं. हा थर पुष्कळदा फार मोठा नसतो. अगदी 40-50 टक्क्यांचा अडथळाही फुटू शकतो. म्हणूनच 'गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती हो' हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येतं. ती चाचणी प्रवाह पुरतो का ते सांगते, थर उद्या फुटेल का ते सांगत नाही.

अमेरिकेतल्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये अशा अटॅकचं वर्णन केलं आणि अटॅक आलेली माणसं जगूही शकतात हे दाखवलं. मग डॉक्टरांनी सरळसाधा हिशेब केला: हृदयाला जखम आहे, जखमेला आराम हवा. रुग्णाला सहा-सहा आठवडे पलंगावर ठेवायचं, कूस बदलायची तर नर्सनं, घास भरवायचा तर नर्सनं. यात फुप्फुसात गुठळी जाऊन किती माणसं दगावली, याचा ठपका मात्र हृदयावरच जाई. बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी 1952 मध्ये 81 रुग्णांचा अनुभव छापला. त्यांनी काय केलं होतं? रुग्णांना पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवलं होतं. एवढंच. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे परततं आणि हृदयाचं ओझं उलट वाढतं, असा लेव्हाइन यांचा तर्क होता. आज ज्याला आपण शहाणपण म्हणू त्याला तेव्हा अघोरी प्रयोग म्हणणारे पुष्कळ होते. याच लाऊन यांनी पुढे हृदयाला शॉक देऊन लय पूर्ववत करणारं आधुनिक यंत्र घडवलं, आणि अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची जी संघटना त्यांनी उभी केली तिला 1985 चं शांततेचं नोबेल मिळालं.

पडून राहण्याचा खरा हिशेब मात्र डॅलसमध्ये झाला. तिथं 1966 मध्ये पाच धडधाकट तरुणांना, सगळे विशीचे, तीन आठवडे पलंगावर ठेवलं. उठवल्यावर त्यांची कष्ट करण्याची कमाल क्षमता चौथाईहून जास्त घटलेली होती. तीस वर्षांनी हीच पाच माणसं पुन्हा तपासली. विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं तेवढं मधल्या तीस वर्षांच्या वयानंही केलेलं नव्हतं. ही माणसं निरोगी होती, हे ध्यानात घ्या. आजारी माणसाच्या खात्यात मुळातच शिल्लक कमी.

चालणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा आला तो लंडनच्या बसमधून. जेरेमी मॉरिस यांचं काम 1953 मध्ये छापून आलं. एकाच बसवर एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. डबलडेकर म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर रोज पाच-सातशे पायऱ्या वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी आणि आला तरी सौम्य. मॉरिस पुढे गणवेशांच्या मापांतही शिरले. ड्रायव्हरच्या विजारीचा कंबरपट्टा कंडक्टरहून मोठा निघाला, आणि तोही नोकरीच्या सुरुवातीपासूनच. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देऊन मोकळं होता येत नाही, हे त्यांनी स्वतःच दाखवलं. अशी कबुली देणारा संशोधक मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. व्यायामानं नक्की काय होतं? बहुतेकांची समजूत अशी की दंडाला जशी तालीम तशी हृदयाला, तोही स्नायूच. रुग्णाच्या बाबतीत ही समजूत निम्मीच खरी. रोज चालण्यानं हृदयापेक्षा जास्त शिकतात ते पाय. त्यांच्या स्नायूंत बारीक वाहिन्या वाढतात, आलेल्या रक्तातून ते जास्त प्राणवायू खेचू लागतात, आणि मग तेवढ्याच चालण्यासाठी त्यांची हृदयाकडची मागणी कमी होते. पूर्वी देवळापर्यंत जाताना 110 होणारी नाडी तीन महिन्यांनी 95 वर थांबते. विसावा लांबला, जेवण लांबलं. ब्लॉकेज तेवढंच आहे, पण छातीत भरून यायचं ठिकाण देवळाच्या पलीकडे सरकलंय.

दुसरा बदल वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात होतो. रक्त जोरानं वाहू लागलं की त्याच्या घर्षणानं हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि वाहिनी सैलावते. या वायूचा हा गुण शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 1998 मध्ये नोबेल मिळालं. गंमत बघा: आल्फ्रेड नोबेल यांची संपत्ती डायनामाइटची, डायनामाइटचा प्राण नायट्रोग्लिसरीन, आणि आयुष्याच्या शेवटी छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं औषध नायट्रोग्लिसरीनच. ते शरीरात शिरून करतं काय, तर हाच वायू तयार करतं. आपल्याकडे जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी त्याच कुळातली. जोमानं चालणारा माणूस त्याच वायूची घरगुती आवृत्ती बनवत असतो.

जर्मनीत लाइपझिगला 101 पुरुषांवर एक प्रयोग झाला. सगळे स्थिर अँजायनाचे, अटॅक चालू असलेला एकही नाही. निम्म्यांना अँजिओप्लास्टी आणि स्टेंट, निम्म्यांना रोज 20 मिनिटं घरी सायकल. 2004 मध्ये निकाल छापला. वर्षाअखेर सायकलवाल्यांपैकी 88 टक्के कुठल्याही नव्या हृदयघटनेशिवाय होते, स्टेंटवाल्यांपैकी 70 टक्के. प्रयोग छोटा आहे आणि यावरून कोणी स्टेंट नाकारू नये. अटॅकच्या वेळी बंद वाहिनी उघडणं हाच जीव वाचवणारा उपाय, तिथं सायकल कामाची नाही. पण व्यायाम हा औषधाच्या यादीतला शेवटचा, ऐच्छिक आयटम नव्हे, हे यातून दिसतं.

मात्र औषध म्हटलं की मात्रा आली, आणि मात्रा आजारागणिक बदलते.

'हार्ट फेल्युअर' या शब्दानं माणूस घाबरतो, हृदय बंद पडलं असं वाटतं. तसं नसतं. पंप अशक्त किंवा ताठर झालेला असतो. इकोच्या कागदावर पंपिंग 55 ते 70 टक्क्यांऐवजी 30-35 लिहिलेलं असतं, पावलांवर सूज येते, रात्री दोन उशा लागतात. अशांना कित्येक वर्षं व्यायाम वर्ज्य होता. 2,331 रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल 2009 मध्ये आला आणि डॉक्टरांनी आखून दिलेला व्यायाम त्यांनाही सुरक्षित ठरला. नवल असं की या रुग्णांची धाप पुष्कळदा नुसत्या पंपामुळे नसते. पडून पडून मांड्यांचे स्नायू वाळलेले असतात, त्यामुळेही असते. त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, साचलेलं पाणी आहे. त्या दिवशी चालायला नाही, डॉक्टरांना फोन करायला उठायचं.

झडपांचे आजार आपल्याकडे अजून तरुण वयात दिसतात. लहानपणी घसा धरतो, एका जिवाणूचा संसर्ग असतो, उपचार अर्धवट राहतात, मग सांधे सुजवणारा ताप येतो. शरीराची संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर चालून जाते. काही वर्षांनंतर डावीकडची झडप अरुंद होते आणि बाई पहिल्या बाळंतपणात धापा टाकू लागते. इथंही तोच विसाव्याचा हिशेब. डाव्या खालच्या कप्प्यात रक्त उतरतं ते हृदय सैल असतानाच. वाट अरुंद, त्यात नाडी वाढून वेळही कमी, मग रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. झडप फारच अरुंद असेल तर आधी फुग्यानं किंवा शस्त्रक्रियेनं तिचा बंदोबस्त, मग चालणं. म्हातारपणी महारोहिणीच्या तोंडाची झडप कडक होते, तिची खूण आणखी गंभीर: कष्ट करताना चक्कर किंवा बेशुद्धी. अशा माणसाला 'जरा फिरून या, बरं वाटेल' असं सांगणं धोक्याचं. हृदयाचा स्नायू जन्मजात जनुकीय दोषामुळे जाड असतो, त्या आजारातही तसंच. मैदानावर कोसळणाऱ्या काही कोवळ्या खेळाडूंच्या शवचिकित्सेत तो सापडतो. खेळताना शुद्ध हरपली किंवा घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल तर इको होईपर्यंत बॅट बाजूला.

लय बिघडण्याचे प्रकार पुष्कळ. सर्वांत जास्त आढळतो त्यात वरचे कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात, मनगटावरची नाडी कशीही उड्या मारते. तिथं नाडी मोजून व्यायामाचा अंदाज बांधता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, म्हणून पडण्या-आपटण्याचे खेळ टाळायचे. पेसमेकर बसवल्यावर पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तारा सरकतात. आणि शॉक देणारं यंत्र असेल तर ते किती ठोक्यांवर शॉक देतं तो आकडा विचारून ठेवायचा आणि त्याच्या खाली दहा-वीस ठोके राखून चालायचं.

सगळ्यांत अजब नाडी असते ती हृदय बदललेल्या माणसाची. भारतात पहिलं हृदयप्रत्यारोपण मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये केलं. केपटाउनच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला, आज प्रत्यारोपणानंतर माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण बसवताना हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, मेंदूचा निरोप थेट पोचत नाही. माणूस चालू लागतो, हृदयाला पत्ताच नसतो. काही मिनिटांनी रक्तातून अॅड्रेनलिन वाहत येतं तेव्हा ते धावायला लागतं, आणि माणूस थांबून खुर्चीत बसला तरी बराच वेळ धावत राहतं. त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही इतरांपेक्षा लांबवावे लागतात.

मग मात्रा मोजायची कशी? 220 मधून वय वजा करून मिळणारा कमाल नाडीचा आकडा जिमच्या भिंतीवर असतो. हृदयरुग्णाला तो फसवतो. बहुतेकांना नाडी मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते, तिच्यावर तो आकडा गाठायचा म्हणजे गोळीशी कुस्ती. त्यासाठी डॉक्टर आधी स्ट्रेस टेस्ट करतात. सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी साठच्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत छातीला तारा चिकटवून पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. अशक्त रुग्णाला त्याहून सोपी चाचणी: 30 मीटरचा सपाट बोळ, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर भिंतीला टेकून थांबायचं, घड्याळ मात्र चालू. किती मीटर झाले तेवढंच लिहायचं.

रोजच्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची एक पट्टी दिली, 6 पासून 20 पर्यंत. 6 पासून का, तर निरोगी तरुणात त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडी मिळते. रुग्णाला बहुधा 11 ते 13 च्या दरम्यान राहायला सांगतात, 'हलकं' ते 'किंचित जड'. आणि ज्यांना पट्टी नको त्यांना साधी कसोटी: चालताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. सुश्रुतसंहितेत व्यायाम बलार्धानं, म्हणजे अर्ध्या शक्तीनं, करावा असं म्हटलं आहे, आणि ती अर्धी शक्ती ओळखायची खूण काय, तर हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागणं. धाप लागून तोंडानं श्वास सुरू झाला की थांबा. प्राचीन ग्रंथांत सगळं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण ही खूण नेमकी आहे, आणि घड्याळावाचून मिळते.

काही गोष्टी लहान दिसतात, पण दुखणं तिथंच गाठतं. सुरुवातीची पाच-सात मिनिटं रमतगमत चालायचं. अँजायनाच्या कित्येकांना पहिल्या शंभर पावलांत छाती भरते, आणि सावकाश सुरुवात केली की तेच अंतर पुढं सहज जातं. शेवट त्याहून महत्त्वाचा. चालताना पोटऱ्या दर पावलाला आवळून पायांतलं रक्त वर ढकलतात. एकदम थांबून ताठ उभं राहिलं की हा पंप बंद, रक्त पायांत उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून वेग उतरवत उतरवत थांबायचं. श्वास रोखून जोर लावणं सगळ्यांत वाईट. भरलेला सिलिंडर उचलणं, घट्ट झालेली खिडकी ओढणं, संडासात कुंथणं, तिन्हींत छातीत दाब कोंडतो, रक्तदाब उसळतो. उचलायचंच तर श्वास सोडत, आणि डॉक्टर हो म्हणाल्यावर. कुंभक, कपालभाती, शीर्षासन विचारल्याशिवाय नको. बायपासनंतर छातीचं मधलं हाड तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड पिशवी नाही, हातांवर रेटा देऊन उठणं नाही, स्कूटर नाही, आणि खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. जेवणानंतर शतपावली चालेल, जोरात फिरायला जायचं तर दीड-दोन तासांनी. थंडीतल्या पहाटे वाहिन्या आखडलेल्या असतात, थोडं ऊन येऊ द्यावं. इन्सुलिन घेणाऱ्यानं खिशात साखर ठेवावी.

आणि सॉर्बिट्रेटही. छातीत दडपण आलं की चालणं बंद, आधी बसायचं, मग डॉक्टरांनी सांगितलेली गोळी जिभेखाली. उभ्यानं घेतली तर रक्तदाब उतरून माणूस पडतो. लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ही मुळीच घ्यायची नाही आणि डॉक्टरांपासून ते लपवायचंही नाही. पाच मिनिटांत दडपण गेलं नाही, घाम फुटला, तर 108 ला फोन. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पीत बसण्यात आपल्याकडे फार मोलाचे तास गेलेत.

देखरेखीखालच्या व्यायामात धोका किती? अमेरिकेतल्या हिशेबानुसार लाखाहून जास्त रुग्ण-तासांमागे एखाद्याचं हृदय थांबतं, आणि यंत्र आणि माणसं जवळ असल्यानं त्यांतलेही बहुतेक वाचतात. आपल्याकडे अशी केंद्रं मोठ्या शहरांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, सांगली-परभणीकडच्या माणसानं कुठं जावं? म्हणून भारतातल्या 24 रुग्णालयांत योगावर आधारित कार्यक्रम तपासला गेला. अटॅक येऊन गेलेले 3,959 रुग्ण, बारा आठवड्यांत 13 वर्ग, आणि घरी सराव. निकाल 2020 मध्ये छापला. मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला असं ठामपणे सिद्ध झालं नाही. पण ही माणसं आपल्या आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतली आणि स्वतःला बरं समजू लागली. मला हा दुसरा निकाल छोटा वाटत नाही.

गुरुजींच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत अखेर स्ट्रेस टेस्ट करून मात्रा सांगितली: आठवडाभर दिवसातून दोनदा पाच मिनिटं सपाटीवर, मग दर आठवड्याला थोडी वाढ, अर्ध्या तासापर्यंत. गुरुजींनी इमारतीचा बोळ पावलांनी मोजला, 22 भरली, आणि दर फेरीला भिंतीवर खडूची रेघ. बोलण्याची कसोटी त्यांनी आपल्या पद्धतीनं लावली. बोळात एकटंच काय बोलायचं, म्हणून ते पाढे म्हणत चालायचे, त्यातही एकोणतिसाचा. काकू दारात उभ्या राहून ऐकायच्या. पाढा मध्येच तुटला की "पुरे आता, बसा" म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात तो 'एकोणतीस चोक सोळोदरसे'ला तुटायचा. परवा संध्याकाळी मी जिन्यात होतो, गुरुजी पहिल्या मजल्याकडे हळूहळू चढत होते, कठड्याला हात, 'दाहे दोनशे नव्वद' झालं, आणि वळणावर थांबून त्यांनी मला विचारलं, "तिसाचा म्हणू का? पण तो फार सोपा आहे हो."